फी कोण भरणार, आणि त्या बदल्यात तुमची कोणती वर्षं घेणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

न्यू जर्सीतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३९. बी.एस्सी. नर्सिंग महाराष्ट्रात झालं. लग्नानंतर इकडे आल्या, एच-४ ईएडी (पतीच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) मिळाल्यावर एनक्लेक्स ही नर्सिंगची परवाना परीक्षा पास झाल्या आणि गेली सात वर्षं एका हॉस्पिटलच्या टेलिमेट्री फ्लोअरवर (जिथे रुग्णांच्या हृदयावर मॉनिटरने लक्ष ठेवतात) आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स आहेत. बारा तासांच्या तीन शिफ्ट, बहुतेक नाइट, तासाला ४८ डॉलर. तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड झालं. पती आयटीत आहेत, दोघांचं मिळून वर्षाला साधारण १,९०,००० डॉलर उत्पन्न. मुलगा दहावीत. ताईंना फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषध लिहून देणारी नर्स व्हायचं आहे. एका विद्यापीठाचा तीन वर्षांचा पार्ट-टाइम एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स पदवी) कोर्स त्यांनी पाहिला आहे, एकूण खर्च ५८,००० डॉलर. हॉस्पिटल वर्षाला ५,००० देतं. पती म्हणतात, घरावर हेलॉक (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) काढू. सासऱ्यांनी गावाकडचा प्लॉट विकायची तयारी दाखवली आहे. सासूबाईंनी ५८,००० चे रुपये करून पाहिले, पन्नास लाखांच्या आसपास आकडा आला आणि घरात दोन दिवस कोणी हा विषय काढला नाही. ताई लिहितात: ‘फाफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) वगैरे कमी उत्पन्नवाल्यांसाठी आणि अठरा वर्षांच्या मुलांसाठी असतं ना? आम्ही दोघं कमावते. आम्हाला कोण मदत देणार, आणि आम्ही मागायची तरी कशी? शिवाय दोन वर्षांत मुलाचं कॉलेज. अशा वेळी आईनं स्वतःच्या शिक्षणावर एवढा पैसा घालावा का?’ पत्राच्या शेवटी सहज आलेलं एक वाक्य असं: ‘फ्लोअरवर नवीन मुली आल्या की मॅनेजर त्यांना माझ्याकडेच देते, ते मला मनापासून आवडतं.’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले. दुसऱ्यांदा त्या आकड्यांच्या मागचा संकोच दिसला. आधी संकोचाबद्दलच लिहिते, कारण त्याच्यामुळेच तुम्ही अजून एकही फॉर्म उघडलेला नाही.

‘मदत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फीमाफी येते: तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, कॉलेजच्या खिडकीवरची रांग, ‘गरजू विद्यार्थी’ असा शेरा. आपण त्यात बसत नाही, म्हणून तिकडे वळायचंही नाही, असा तुमचा हिशेब दिसतो. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणाला मिळणाऱ्या मदतीचा मुख्य भाग त्या प्रकारचा नाही. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं परत न करायचं अनुदान, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जवळजवळ मिळतच नाही. सबसिडी असलेलं, म्हणजे शिकत असताना ज्याचं व्याज सरकार भरतं ते कर्जही त्यांच्यासाठी २०१२ पासून बंद आहे. उरतं ते अनसबसिडाइज्ड कर्ज, आणि ते देताना कोणी उत्पन्न पाहत नाही. एक लाख नव्वद हजार कमावणाऱ्या घराला आणि पन्नास हजार कमावणाऱ्या घराला तेच कर्ज, त्याच दराने. फाफ्सा भरणं ही त्या दाराची कडी आहे. तुम्ही पदव्युत्तर विद्यार्थिनी असल्यामुळे आईवडिलांचं उत्पन्न कोणी विचारणार नाही, वयाची अट नाही, आणि ग्रीन कार्डधारकाला नागरिकाइतकाच हक्क आहे. कार्डावरचा ए-नंबर तेवढा हाताशी ठेवा. फॉर्म फुकट असतो. तो भरून द्यायचे पैसे कोणी मागितले, तर तिथून उठा.

तेव्हा ‘आम्हाला कोण देणार’ याचं उत्तर सोपं आहे: देणारे बरेच आहेत. खरा प्रश्न, प्रत्येक जण बदल्यात काय मागतो हा. महाराष्ट्रात शिकलेल्या नर्सला हे वेगळं समजवायला नको. आपल्याकडे बाँड लिहून दिलेल्या मुली तुमच्या वर्गातही असतील. इथेही हॉस्पिटल, सरकार, बँक, प्रत्येकाचा आपापला बाँड आहे. कोणी दोन वर्षं नोकरी मागतो, कोणी दुर्गम भागात काम मागतो, कोणी दहा-पंधरा वर्षांचं व्याज मागतो, कोणी राहतं घर तारण मागतो. माझा सल्ला या एका गोष्टीभोवतीच आहे. रक्कम किती हे नंतर बघा, आधी अट कोणती ते बघा, आणि ती अट तुमच्या पुढच्या पाच वर्षांत बसते का ते तपासा.

सर्वांत आधी हॉस्पिटलचे पैसे, कारण तुम्ही ते एका ओळीत उडवले आहेत. मालकाने फीसाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात. तुमचं हॉस्पिटल ५,००० देतं, म्हणजे तीन वर्षांत १५,०००, कर न लागता. एचआरच्या पोर्टलवरचा तो दोन-तीन पानांचा पॉलिसीचा कागद उतरवून घ्या आणि चहाबरोबर सावकाश वाचा. त्यात साधारणपणे या चार जागा शोधा. पैसे आधी मिळतात की ग्रेड आल्यानंतर? बहुतेक ठिकाणी नंतर मिळतात, म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला पहिली रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. किमान ग्रेड कोणती? मिळालेल्या शेवटच्या पैशांनंतर किती महिने नोकरी सोडायची नाही, आणि सोडली तर सगळे परत द्यायचे की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? आणि सर्वांत महत्त्वाचं, ही सवलत फुल-टाइम कर्मचाऱ्यालाच आहे की तास कमी झाले की रक्कमही अर्धी होते? या शेवटच्या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता सरकारी कर्ज. इथे नियम नुकतेच बदलले आहेत आणि जुनी माहिती अजून फिरते आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ‘ग्रॅड प्लस’ कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी बंद केलं. या कर्जात कोर्सचा सगळा खर्च भागायचा, त्यामुळे तुमच्या सीनियर मैत्रिणी ‘काही काळजी नको, सगळं मिळतं’ असं सांगत असतील. त्यांच्या वेळी ते खरं होतं. आता साध्या पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर ही मर्यादा आहे. ‘प्रोफेशनल’ पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. नर्सिंग कशात बसतं? नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या नियम ठरवणाऱ्या समितीत ज्या मसुद्यावर एकमत झालं, त्यातल्या प्रोफेशनल पदव्यांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, कायदा आहेत, धर्मशास्त्रही आहे, आणि नर्सिंग नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने याला जाहीर विरोध केला. मलाही हे मनापासून खटकतं. रात्री तीन वाजता मॉनिटर वाजल्यावर धावत जाणाऱ्या बाईच्या पुढच्या शिक्षणाला प्रोफेशनल म्हणायचं नाही, हे मला पटत नाही. पण तुम्ही हिशेब २०,५०० धरूनच करा. नियम सैल झाला तर चांगलंच.

याच कायद्यातली दुसरी अट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पार्ट-टाइम शिकलात की वार्षिक मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते. समजा तुमच्या विद्यापीठात सेमिस्टरला नऊ क्रेडिट म्हणजे फुल-टाइम आणि तुम्ही सहा घेणार. मग २०,५०० चे दोन तृतीयांश, म्हणजे वर्षाला साधारण १३,६००. अर्ध्याहून कमी क्रेडिट घेतली तर हे कर्ज मिळतच नाही. तुमचा वर्षाचा खर्च ५८,००० भागिले तीन, सुमारे १९,३००. त्यातले ५,००० हॉस्पिटलचे, १३,६०० कर्जाचे, उरले सातशे. म्हणजे मनात आणलं तर घर तारण न ठेवता, प्लॉट न विकता हा कोर्स पार पडू शकतो.

‘मनात आणलं तर’ असं मुद्दाम म्हणते आहे, कारण मिळतं म्हणून सगळं कर्ज घ्यावं असं नाही. २०२५-२६ साठी या कर्जाचा दर ७.९४ टक्के होता. शिवाय सुरुवातीलाच एक टक्क्याहून थोडी जास्त फी कापली जाते, आणि पहिला हप्ता हातात पडल्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. तुम्ही दोघांनी महिन्याला पाचशे डॉलर बाजूला टाकले तर वर्षाला ६,००० घरातून जातील. मग कर्ज वर्षाला आठ-साडेआठ हजारांवर येईल, तीन वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास. ते दहा वर्षांत फेडलं तर महिन्याला साधारण ३०० डॉलर. हा आकडा सासूबाईंना सांगा. पन्नास लाख ऐकून कोणाच्याही तोंडचं पाणी पळेल. पण तुमची कमाई डॉलरमध्ये, फेड डॉलरमध्ये. तीनशे डॉलरचा हप्ता तुमच्या घरखर्चात कुठे बसतो ते तुम्हाला बरोबर कळेल.

पतींच्या हेलॉकच्या सूचनेला मी सरळ चूक म्हणणार नाही. दर कधी कधी कमी पडतो आणि कागदपत्रं सोपी असतात. पण दोन कर्जांतला फरक समजून घ्या. सरकारी कर्ज घेणारी व्यक्ती दगावली किंवा कायमची अपंग झाली तर ते माफ होतं. हेलॉकमध्ये बँकेचा हात घरावर असतो. आणखी एक बारीक गोष्ट. मुलाच्या फाफ्सात राहत्या घराची किंमत मोजत नाहीत, पण त्याच घरावर उचललेले पैसे फॉर्म भरण्याच्या दिवशी बँकेच्या खात्यात पडून असतील तर ते मालमत्तेत धरले जातात. खाजगी कंपन्यांच्या ‘पाच मिनिटांत मंजुरी’ कर्जाबद्दल तर एवढंच म्हणेन, की सरकारी मर्यादा संपल्याशिवाय तिकडे बघूही नका. उत्पन्नाप्रमाणे हप्ता, सार्वजनिक सेवेनंतर माफी, यातलं तिथे काही नसतं. आणि सासऱ्यांना आभार मानून सांगा, प्लॉट राहू द्या. त्यांच्या म्हातारपणी तोच हाताशी असू दे.

इथवर फीबद्दल झालं. पण तुमचा सर्वांत मोठा खर्च फीत नाहीच, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात आता प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किमान ७५० तास अपेक्षित असतात. ते तीन सेमिस्टरमध्ये पसरले तरी आठवड्याला सोळा-सतरा तास होतात, तेही क्लिनिकच्या वेळेत, दिवसा. तुम्ही तीन नाइट करून वर हे करणार आहात का? पहिला महिना कराल. दुसऱ्या महिन्यात गाडी चालवताना डोळा लागेल. अंगावर काढायची आपल्याला सवय असते आणि नर्सला तर जास्तच, म्हणून हे स्पष्ट लिहिते. एक शिफ्ट सोडावी लागेल असंच धरून चला. आठवड्याला बारा तास, ४८ डॉलरने ५७६. पंचेचाळीस आठवड्यांचे जवळपास २६,००० डॉलर. जवळजवळ अर्धी फी झाली ही, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

शिवाय तीन शिफ्टच्या दोन झाल्या की हॉस्पिटलच्या नोंदीत तुम्ही पार्ट-टाइम होऊ शकता. मग फीची मदत कमी होते का? आरोग्य विमा तुमच्या नोकरीवर असेल तर त्याचा हप्ता वाढतो का? म्हणूनच वर म्हटलं की तो पॉलिसीचा कागद आधी वाचा. तुमच्या मॅनेजरशी आत्ताच बोलून ठेवा, की क्लिनिकलच्या वर्षात वीकेंडच्या दोन शिफ्ट आणि एखादी छोटी शिफ्ट अशी सोय करून फुल-टाइम दर्जा टिकवता येईल का. तुमच्यासारखी अनुभवी नर्स टिकवायची असेल तर मॅनेजर मार्ग काढतात. विद्यापीठालाही एक प्रश्न लेखी विचारा: प्रिसेप्टर (क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारे) तुम्ही मिळवून देता की मी शोधायचे? बऱ्याच ऑनलाइन कोर्सांत विद्यार्थिनीलाच दारोदार ईमेल करावे लागतात आणि काही प्रिसेप्टर पैसेही मागतात. प्रिसेप्टर मिळाला नाही की सेमिस्टर पुढे जातं, कोर्स लांबतो, खर्च वाढतो. कोर्सला सीसीएनई, एसीईएन अशा नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का हे तर पाहायचंच. तिच्याशिवाय पुढची प्रमाणपत्र परीक्षाच अडेल. राज्याच्या सरकारी विद्यापीठात रहिवाशांना मिळणारी फी आणि तुम्ही पाहिलेली ५८,००० ची फी शेजारी शेजारी मांडून बघा. क्रेडिटचा दर नको, पदवी हातात येईपर्यंतचा एकूण आकडा.

तास कमी झाल्याचा एक छोटा फायदाही आहे. ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ नावाची सवलत फीच्या पहिल्या १०,००० डॉलरच्या २० टक्के, म्हणजे वर्षाला २,००० पर्यंत कर कमी करते. नवराबायकोचं एकत्र उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ती आटत जाते आणि १,८०,००० ला संपते. आज तुम्ही तिच्या बाहेर आहात. पण क्लिनिकलच्या वर्षी २६,००० कमी आले आणि दोघांनी ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात करपूर्व पैसे टाकले, तर तुम्ही आत येता. कर भरणाऱ्या तुमच्या माणसाला त्या वर्षी हे आधीच सांगून ठेवा. हॉस्पिटलने करमुक्त दिलेल्या रकमेवर मात्र हे क्रेडिट घेता येत नाही.

कर्जमाफीच्या योजनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला ‘दहा वर्षांत सगळं माफ होतं’ असं सांगणारच. पीएसएलएफ या सार्वजनिक सेवेसाठीच्या कर्जमाफी योजनेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत आठवड्याला सरासरी तीस तास काम करून १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं. अमेरिकेतली बरीच हॉस्पिटलं ना-नफा आहेत. तुमचं आहे का, हे नावावरून ठरवू नका. डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक फॉर्मच्या ‘बी’ खान्यातला नऊ आकडी ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) घ्या आणि स्टुडंटएडच्या सरकारी साइटवर टाकून पाहा. पण तुमच्या बाबतीत या योजनेचा फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही. २०२६ च्या जुलैनंतरच्या नव्या कर्जांना उत्पन्नाप्रमाणे हप्ता ठरवणारी एकच पद्धत आहे, आरएपी, आणि तिच्यात १ लाखाहून जास्त उत्पन्नावर वर्षाला १० टक्के भरावे लागतात. पंचवीस हजारांचं कर्ज त्या हप्त्याने दोन वर्षांतच फिटेल. माफ व्हायला शिल्लक काय राहणार? ही योजना आहे ती एकट्या कमावत्या, मोठं कर्ज असलेल्या नर्ससाठी. तशा वाचक असतील तर त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून कागद जपून ठेवावेत.

नर्स कोअर या सरकारी शिष्यवृत्तीचंही असंच. फी, इतर शैक्षणिक खर्च आणि वर दरमहा भत्ता, बदल्यात नर्सांची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं पूर्णवेळ सेवा. ग्रीन कार्डधारकाला अर्ज करता येतो, पण प्राधान्य जास्त आर्थिक गरज असलेल्यांना, आणि सेवा पूर्ण केली नाही तर व्याजासकट वसुली. तुमच्या उत्पन्नात ती मिळण्याची शक्यता मला कमी दिसते. नर्स कोअरचीच कर्जफेड योजना वेगळी आहे, तिकडे लक्ष ठेवा. टंचाईच्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं तर नर्सिंगच्या शिक्षणाच्या कर्जातले ६० टक्के ते फेडतात, तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के मिळू शकतात. न्यू जर्सीचीही प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी कर्जफेड योजना आहे आणि त्यात नर्स प्रॅक्टिशनर बसतात. पण या सगळ्यात नोकरी कुठे करायची हे तुमच्या हाती राहत नाही. मुलगा तेव्हा कॉलेजात असेल, घर रिकामं असेल. कदाचित तुम्हाला ते चालेलही. पतींशी बोलून घ्या.

आता, ताई, तुम्ही विचारलं नाही असं काही विचारू का? तुम्हाला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं आहे, की नाइट सोडायच्या आहेत? पत्रात नाइटचा उल्लेख तीनदा आहे, रुग्ण तपासण्याचा, निदान करण्याचा, औषध लिहून देण्याचा एकदाही नाही. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण दुसरीसाठी ५८,००० लागत नाहीत. केस मॅनेजमेंट, क्लिनिक, इन्फर्मॅटिक्स, अशा दिवसाच्या जागा तुमच्या अनुभवावर आजही मिळतील. पैशांची गणितंही जाहिरातीत दिसतात तशी सरळ नाहीत. सरकारी आकडेवारीत मे २०२४ ला आरएनचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० होतं, तर नर्स प्रॅक्टिशनर, मिडवाइफ आणि अ‍ॅनेस्थेटिस्ट या तिघींचं मिळून १,३२,०५०. फरक मोठा दिसतो. पण नाइट डिफरन्शियल (रात्रपाळीचे जादा पैसे) आणि ओव्हरटाइम धरून अनुभवी आरएन जे घरी नेते, त्याच्या पुढे नव्या प्रॅक्टिशनरचा पगार पहिली दोन-तीन वर्षं फारसा नसतो, कारण तिला सहसा ठरावीक पगार असतो, ओव्हरटाइम नाही. अर्ज करायच्या आधी ओळखीच्या एखाद्या प्रॅक्टिशनरबरोबर चार दिवस पूर्ण बसा. पंधरा-पंधरा मिनिटांनी रुग्ण, संध्याकाळी घरी चार्टिंग. ते पाहूनही हेच हवंसं वाटलं तर बिनधास्त पुढे जा.

आणि ते शेवटचं वाक्य, नव्या मुली तुमच्याकडेच देतात ते. सगळ्या पत्रात तेवढ्या एकाच ठिकाणी तुम्ही ‘आवडतं’ लिहिलंय. नर्सिंग शिकवण्याचाही एमएसएन असतो. त्याला ‘नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅम’ मधून कर्ज मिळू शकतं, आणि पदवीनंतर नर्सिंग कॉलेजात पूर्णवेळ शिकवलं तर चार वर्षांत त्यातलं ८५ टक्के माफ होतं: पहिली तीन वर्षं २० टक्के, चौथ्या वर्षी २५. पैसे केंद्राकडून कॉलेजांना मिळतात आणि प्रत्येक कॉलेजात हा कार्यक्रम नसतो, म्हणून आर्थिक साहाय्य कार्यालयात नाव घेऊन विचारा. प्राध्यापकांचा पगार प्रॅक्टिशनरपेक्षा कमी असतो, हेही सांगते. पण इथली अट म्हणजे ‘शिकवा’. तुम्ही तर आजही तेच करता आहात, तेही जास्तीचा पैसा न घेता.

मुलाबद्दल. तुमच्या शिकण्याने त्याचं काही हिरावलं जात नाही, तीन गोष्टी सांभाळल्या तर. त्याच्या शिक्षणाच्या बचतीच्या ५२९ खात्याला हात लावू नका, नियमाने ते पैसे आईच्या नावावर वळवता येत असले तरी. निवृत्तीच्या पैशांनाही नाही. आणि ‘घरात दोघं एकदम शिकत असतील तर मदत वाढते’ या सांगोवांगीवर विसंबू नका. २०२४-२५ पासून फाफ्साचा तो हिशेबच काढून टाकला आहे. यंदाच सुरू केलंत, तर पगार कमी होणारं क्लिनिकलचं वर्ष त्याच्या कॉलेजच्या पहिल्या फीबरोबर येऊ शकतं, म्हणून त्याची तजवीज आधीच करून ठेवा. जमत नसेल तर त्याला तिकडे रुळू द्या आणि मग सुरू करा. ‘आईनं स्वतःवर खर्च करावा का’ हा प्रश्न मात्र मी मान्य करत नाही. पतींनी एमबीए करायचं ठरवलं असतं तर घरात असा प्रश्न आला असता का, एवढं एकदा दोघांनी बसून बोला.

ज्या कामाला खरोखर वेळ लागतो ते आजच सुरू करा: महाराष्ट्रातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि त्याचं इकडचं मूल्यांकन. फाफ्सा तासाभरात भरून होतो. सीलबंद लिफाफ्याला मात्र महिने जातात आणि तिकडे प्रत्यक्ष जाऊन विचारणारा माणूस लागतो. भाऊ, बहीण, जुनी वर्गमैत्रीण, कोणाला तरी अधिकारपत्र देऊन ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. एच-४ किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असाल तर फाफ्साचं दार बंद आहे, पण मालकाची फी-मदत, विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती आणि असिस्टंटशिप यांना बऱ्याचदा व्हिसाची आडकाठी नसते. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र विचारा. ग्रीन कार्ड वर्षभरात येणार असेल तर एक-दोन विषय स्वखर्चाने घेऊन थांबणं शहाणपणाचं. नोकरी सांभाळून शिकण्याआधी एच-१बीवाल्यांनी वकिलाला एकदा विचारून घ्यावं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आलेल्यांना आधी बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी पूर्ण करावी लागेल. ते पदवीपूर्व शिक्षण धरलं जातं, म्हणून पेल ग्रँट आणि सबसिडीचं कर्ज तिथे मिळू शकतं. तेव्हा ‘आपल्याला नाही मिळत’ असं कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. फाफ्सा दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. तो भरा आणि कॉलेजकडून आकडा लेखी येऊ द्या.